आधी कोड एका जागी आणा

ठाकूरद्वार नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत, लाकडी जिन्याच्या वर, आमची कंपनी होती. शेअर दलालांना बॅक ऑफिसचं सॉफ्टवेअर पुरवायचं, हा आमचा धंदा. बाजार साडेतीनला बंद झाला की दलालाकडे एक्स्चेंजची फाइल येते आणि तिथून आमच्या सॉफ्टवेअरचं काम सुरू होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा सौदा ओळखायचा, दलाली लावायची, कर लावायचे, कॉन्ट्रॅक्ट नोट काढायची, शेअर आणि पैसे यांचा हिशेब जुळवायचा. सौदा झाल्यापासून चोवीस तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट गिऱ्हाइकाकडे गेलीच पाहिजे, असा नियम आहे. एक दर चुकीचा पडला की त्या दिवशीच्या शेकडो बिलांत तो चुकीचा पडतो.

त्याआधी मी अंधेरीला सीप्झमधल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या गुणवत्ता विभागात होते. तिथे शेकडो माणसं, जाडजूड नियमपुस्तकं आणि वर्षाला ठरलेली ऑडिट. इथे दहा-बारा माणसं, एक छोटी खोली भरून सर्व्हर आणि दिवसभर वाजणारे फोन. दोन्हीकडे काम करून माझं एक मत पक्कं झालं आहे. सॉफ्टवेअर करण्याची पद्धत नक्की सुधारते, पण ती टप्प्याटप्प्याने आणि ठरावीक क्रमानेच सुधारते. क्रम चुकला तर सगळ्यांनी मनापासून मेहनत केली तरी वर्षभरात कारभार पुन्हा होता तिथे येतो. हे काम करताना जे उमगलं ते लिहिते आहे, मुख्यतः लहान कंपन्या चालवणाऱ्यांसाठी. मोठ्या कंपन्यांकडे सल्लागार असतात, यांच्याकडे कोणी नसतं.

१. आधी फोन उचला

मोठ्या कंपनीतून आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात नियम लिहायची घाई होते. मालकांचीही तीच अपेक्षा होती. मी त्यांच्याकडे थोडा वेळ मागून घेतला आणि सपोर्टच्या टेबलाशी जाऊन बसले. तिथली मुलं दिवसभर दलालांचे फोन घ्यायची. प्रत्येक फोन एका वहीत लिहायचा, एवढंच सुरुवातीला ठरवलं: कोणाचा फोन, काय अडलं, आधी कधी अडलं होतं का.

वही भरत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. नव्या चुका तुलनेने कमी होत्या. बहुतेक फोन अशा चुकांचे होते ज्या एकदा दुरुस्त होऊन गेल्या होत्या. एका दलालाकडे दुरुस्त केलेली चूक दुसऱ्याकडे तशीच राहिलेली असे, किंवा त्याच दलालाकडे पुढच्या पॅचबरोबर परत आलेली असे. डेव्हलपर हुशार होते, रात्री थांबून काम करणारे होते. पण कोणत्या दलालाकडे कोणता कोड चालू आहे, हे खात्रीने सांगू शकेल असं ऑफिसात कोणीच नव्हतं.

त्या वहीमुळे सुरुवात कुठून करायची हे ठरलं. ती वही नसती तर आम्ही बहुधा टेस्टिंगपासून सुरुवात केली असती, कारण बाहेरून बघणाऱ्याला 'टेस्टिंग कमी पडतंय' असंच वाटतं. ज्या कोडची कोणती प्रत क्लायंटकडे जाणार हेच ठाऊक नाही, त्याचं टेस्टिंग करून काहीच हाती लागत नाही.

२. कोडची मूळ प्रत एकच

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदाही यानेच झाला.

परिस्थिती अशी होती. प्रत्येक डेव्हलपरच्या मशीनवर कोडची आपापली प्रत. शिवाय प्रत्येक मोठ्या दलालाच्या नावाचं वेगळं फोल्डर, कारण कोणाला दलालीचा स्लॅब वेगळा हवा, कोणाला बिलाचा नमुना वेगळा, कोणाला सबब्रोकरचा वाटा वेगळ्या रीतीने काढून हवा. मागणी आली की फोल्डरची कॉपी करायची आणि त्यात बदल करायचा. फोल्डरांची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल मार्च' अशी. छोट्या कंपनीत काम केलेल्या प्रत्येकाने ही नावं पाहिलेली असतील.

यावर औषध जुनंच आहे. व्हर्जन कंट्रोलची साधनं मी कॉलेजात होते त्याच्याही आधीपासून आहेत. आम्ही सबव्हर्जन घेतलं, पुढे बऱ्याच उशिरा गिटवर गेलो. गिट लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलं आणि ते फुकट मिळतं. तेव्हा पैशाची अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती सवयीची.

म्हणून हे कामही आम्ही तुकडे पाडून केलं. पहिल्या तुकड्यात नियम एकच: घरी जाण्याआधी दिवसभराचा बदल सर्व्हरवर गेला पाहिजे. तो बरोबर आहे की चूक, नाव नीट दिलंय की नाही, हे कोणी विचारायचं नाही. ही सवय अंगवळणी पडायला काही महिने गेले. दुसऱ्या तुकड्यात प्रत्येक बदलाबरोबर एक ओळ लिहायची, कोणत्या फोनसाठी किंवा कोणत्या मागणीसाठी तो केला. सपोर्टची वही आणि कोड यांची गाठ तिथे पडली. तिसरा तुकडा अवघड होता. दलालांच्या नावाची सगळी फोल्डरं मिटवून एकच मूळ कोड ठेवायचा आणि दलालादलालातला फरक सेटिंगमध्ये न्यायचा. इथे आम्ही सगळ्यात लहान दलालापासून सुरुवात केली. त्याच्याकडे सौदे कमी, मागण्या साध्या, आणि काही बिघडलंच तर त्याच्या ऑफिसात चालत जाऊन निस्तरता येण्यासारखं. तो सुरळीत चालला की पुढचा. सगळ्यात मोठा दलाल शेवटी घेतला.

मालकांना मधेच वाटायला लागलं होतं की एवढे दिवस चाललंय तरी नवं काहीच दिसत नाही. ते रास्तच होतं. कोड जागेवर आणण्याचं काम क्लायंटला दिसत नाही, त्याचं बिल लावता येत नाही. त्यांना पटवायला मला वहीच कामी आली. परत आलेल्या जुन्या चुकांचे फोन कमी होत चालले होते आणि ते पानोपानी दिसत होतं.

३. रिलीजला दिवस हवा, यादी हवी, दुसरा माणूस हवा

कोड एका जागी आल्यावर तो क्लायंटकडे कसा जातो याकडे वळलो. त्याआधी हे करण्यात अर्थ नव्हता.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत नाइट कॅपिटल या मोठ्या ब्रोकर कंपनीत जे झालं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, तो जागा झाला आणि बाजार उघडल्यावर भराभर ऑर्डर पाठवत सुटला. सुमारे पाऊण तासात कंपनीचं चाळीस कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं आणि पुढे तिचं स्वतंत्र अस्तित्वच संपुष्टात आलं. पुढे अमेरिकेच्या बाजार नियामकाने चौकशी केली. त्यात पुढे आलं की कोड चढवल्यावर दुसऱ्या माणसाने तो तपासावा असा कोणताही लेखी नियम तिथे नव्हता.

ती बातमी मी ऑफिसात वाचून दाखवली. त्यावर भाषण द्यायची गरज पडली नाही. आमची रिलीजची यादी त्याच आठवड्यात तयार झाली, एका पानाची. कोणता बदल, कोणत्या क्लायंटकडे, आधीचा बॅकअप घेतला का, कालच्या फाइलवर चालवून कालच्याच कॉन्ट्रॅक्ट नोटशी ताळा पाहिला का, परत फिरायची वेळ आली तर कसं फिरायचं. खाली दोन सह्या: चढवणाऱ्याची आणि बघणाऱ्याची. बघणारा कोणीही चालेल, सपोर्टमधली नवी मुलगीसुद्धा. तो चढवणारा स्वतः नसावा, एवढीच अट.

आणि दिवस. रिलीज बाजार बंद असताना, शनिवारी. मार्चअखेरीच्या आसपास नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचे सौदे होतात, तो आठवडा नाही. अनंत चतुर्दशीला नाही, कारण त्या दिवशी गिरगाव चौपाटीकडे जाणारे सगळे रस्ते मिरवणुकांनी भरलेले असतात आणि काही अडलं तर ठाकूरद्वारहून फोर्टात माणूस पोचवणं अवघड. हे कॅलेंडर भिंतीवर लावलं आणि क्लायंटनाही पाठवलं. दलालांना ते आवडलं. त्यांच्या लेखी अचानक आलेला पॅच हीच डोकेदुखी होती.

४. पायऱ्या खऱ्या, त्यांची शर्यत खोटी

आता जरा मागे जाते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८४ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी केली. त्यांना सॉफ्टवेअर वेळेवर आणि ठरल्या खर्चात मिळत नव्हतं, हे त्यामागचं कारण. आयबीएममध्ये सत्तावीस वर्षं काढलेले वॉट्स हम्फ्री १९८६ साली तिथे गेले, १९८९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्या विचारातून कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल, म्हणजे सीएमएम, तयार झालं. त्यात पाच पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर सगळं माणसांच्या जिद्दीवर चालतं. दुसरीवर एक काम जमलं तसं पुढचंही जमवता येतं. तिसरीवर सगळ्या कंपनीची एक पद्धत असते, चौथीवर आकड्यांनी ताबा ठेवता येतो आणि पाचवीवर चुका मुळातूनच टाळण्याचं काम सतत चालतं.

कोणता विषय कोणत्या पातळीवर ठेवलाय ते पाहण्यासारखं आहे. कोडच्या प्रती सांभाळणं, मागण्या सांभाळणं, नियोजन, पाठपुरावा हे सगळं दुसऱ्या पातळीवर. सहकाऱ्यांनी एकमेकांचं काम तपासणं तिसऱ्या पातळीवर. मोजमापाची खरी शिस्त चौथ्या पातळीवर. सीप्झला असताना मी हे पाठ केलं होतं. ठाकूरद्वारला आल्यावर कळलं की या मांडणीचं मर्म त्या क्रमात आहे. खालची पायरी नसेल तर वरची टिकत नाही, कारण तिला आधारच नसतो.

१९९०च्या दशकाच्या शेवटी भारतीय कंपन्यांना पाचव्या पातळीच्या प्रमाणपत्राची ओढ लागली. परदेशी कामं त्यावर मिळत होती, ही व्यवहाराची बाजू मला समजते. त्या काळात भारतातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना जगात जो मान मिळाला त्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे, हेही मी मानते. पण मी एका ठिकाणी असंही पाहिलं की ऑडिटच्या आदल्या आठवड्यात वर्षभराचे तपासणी-अहवाल एका बैठकीत भरले जात होते. तिथल्या तरुण मुलांच्या मनात त्या दिवसापासून पक्कं बसलं की प्रक्रिया म्हणजे कागद भरणं. पुढे त्यातली कितीतरी मुलं चांगल्या जागांवर गेली आणि तीच समजूत बरोबर घेऊन गेली. हे नुकसान कुठल्याच अहवालात येत नाही, म्हणून इथे सांगते आहे.

५. लहानापासून मोठ्याकडे: टी+१ चा धडा

टप्प्यांनी बदल कसा करावा याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण परदेशातलं नाही, ते आमच्या ऑफिसपासून चालत जाता येईल अशा दलाल स्ट्रीटवरचं आहे.

शेअर विकत घेतल्यावर पैसे आणि शेअर यांची जी देवाणघेवाण होते, तिला सेटलमेंट म्हणतात. २००३ च्या एप्रिलपासून आपल्याकडे ते सौद्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे टी+२ होतं. ते एका दिवसावर, म्हणजे टी+१ वर, आणायचं ठरलं. ऐकायला एका दिवसाचा फरक, पण दलाल, बँका, डिपॉझिटरी, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, परदेशी गुंतवणूकदार आणि आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले, सगळ्यांचं रात्रीचं वेळापत्रक त्याने बदलतं.

एक्स्चेंजांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये वेळापत्रक जाहीर केलं. २५ फेब्रुवारी २०२२ पासून सुरुवात, तीही बाजारमूल्याने सगळ्यात लहान अशा १०० कंपन्यांपासून. मार्चपासून दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्याच्या वरच्या ५०० कंपन्या. सगळ्यात मोठ्या कंपन्या शेवटी. २७ जानेवारी २०२३ ला काम पूर्ण झालं.

यातली हुशारी आम्ही आतून पाहिली. पहिल्या महिन्यात आमच्या सॉफ्टवेअरला टी+१ आणि टी+२ दोन्ही एकाच दिवशी सांभाळायचे होते, ते अवघड होतं. पण त्या १०० कंपन्यांत उलाढाल इतकी कमी की काही चुकलं तरी हातानेसुद्धा दुरुस्त करता आलं असतं. पुढच्या महिन्यापर्यंत आम्हाला दुरुस्तीसाठी पूर्ण चार आठवडे होते. उन्हाळ्यापर्यंत आमचा कोड स्थिर झाला. मोठ्या कंपन्या आल्या तोवर ते रोजचं काम झालं होतं.

अमेरिकेने हाच बदल २८ मे २०२४ रोजी सगळ्या शेअरसाठी एकाच दिवशी केला, आणि तोही पार पडला. पण त्यामागे कित्येक महिन्यांच्या चाचण्या होत्या आणि तशा चाचण्यांचा खर्च पेलणाऱ्या संस्था होत्या. आमच्यासारख्या छोट्या ऑफिसला तो मार्ग परवडणारा नाही. आम्ही त्यानंतर प्रत्येक नवी सवय टी+१ सारखीच आणायचं ठरवलं: आधी कमी धोक्याचं मोड्यूल, मग वरचं, आणि दोन टप्प्यांत दुरुस्तीला पुरेसा वेळ.

आणखी एक पथ्य. प्रत्येक टप्पा त्याच्यापुरता उपयोगी असला पाहिजे. आमच्या नाक्याखालून गेलेली मेट्रो ३ तीन तुकड्यांत सुरू झाली: आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिथून आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. गिरगावकर शेवटपर्यंत थांबले, पण बीकेसीला नोकरी असलेल्याला पहिल्या दिवसापासून गाडी मिळाली. सुधारणेच्या योजनेत 'सगळं झाल्यावर फायदा दिसेल' असं लिहिलेलं असेल तर ती योजना मालकापुढे नेऊ नका. मधेच एखादं मोठं काम येईल आणि अर्धवट योजना सोडून द्यावी लागेल.

६. दाब हळूहळू वाढवा

बाजार नियामक सेबीने पीक मार्जिनचा, म्हणजे दिवसभरातल्या सगळ्यात जास्त मार्जिनइतकी अनामत गिऱ्हाइकाकडून घेण्याचा, नियम आणला तेव्हा डिसेंबर २०२० पासून २५ टक्के, मार्च २०२१ पासून ५०, जूनपासून ७५ आणि सप्टेंबर २०२१ पासून १०० टक्के असा चढता क्रम ठेवला होता. दलालांनी कुरकुर केली, पण त्यांच्या गिऱ्हाइकांना सवय व्हायला नऊ महिने मिळाले.

कोड रिव्ह्यू आम्ही याच रीतीने आणला. मायकल फॅगन यांनी आयबीएममध्ये कोडच्या तपासणीची पद्धत बसवून १९७६ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे की दुसऱ्या माणसाच्या डोळ्याखालून गेलेल्या कोडमध्ये चुका लवकर सापडतात. तरी छोट्या कंपन्यांत ते होत नाही, कारण एकदम सगळा कोड तपासायचा म्हटलं की रोजचं काम अडतं. आम्ही आधी फक्त दलाली आणि करांचा हिशेब करणारा कोड तपासायला घेतला, कारण तिथली चूक थेट गिऱ्हाइकाच्या बिलात जाते. मग मार्जिनचा. मग डिपॉझिटरीच्या फाइलींचा. रिपोर्टांचा कोड आम्ही कधीच सक्तीने तपासला नाही आणि त्याने काही बिघडलं नाही.

७. जाणत्या माणसाला सोबत घ्या

आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. कागदी शेअर सर्टिफिकेटांच्या काळापासून ते या हिशेबात होते. कोणत्या दलालाचा स्लॅब कधी आणि का बदलला, २००४ च्या १ ऑक्टोबरला सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स आला तेव्हा पूर्णांकाचं काय ठरलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात.

मी लिहून काढायचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "मला पाठ आहे हो सगळं. लिहायचं कशाला?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही गणपतीला गावी जाता. तिथे रेंज नसते. त्या दिवसांत इथे दलालीवरून अडलं की मुलं नुसती बसून राहतात."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच विचारलं, "कोणाला सांगू ते सांगा, मला टायपिंग जमत नाही." मग रोज संध्याकाळी एक मुलगा त्यांच्याजवळ बसायचा, ते सांगायचे, तो उदाहरणासकट लिहायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे ती उदाहरणं आम्ही टेस्ट म्हणून कोडमध्ये घातली. इतका भाव, इतकी संख्या, हा स्लॅब, तर दलाली इतकीच यायला हवी. काकांचं ज्ञान रोज रात्री आपोआप तपासलं जाऊ लागलं. स्वयंचलित टेस्टिंगवर मी बरीच भाषणं ऐकली आहेत, पण ते काम आमच्याकडे सुरू झालं ते त्या संध्याकाळच्या बैठकांतून.

असा माणूस बहुतेक कंपन्यांत असतो, आणि सुधारणा करणारे बहुतेक जण त्याला अडथळा समजतात. त्याला आपली जागा जाईल अशी भीती असते आणि ती खरी असते. त्याचं स्थान टिकवून, किंबहुना वाढवूनच त्याच्याकडून घेता येतं. काका निवृत्त होईपर्यंत करांच्या कोडचा शेवटचा शब्द त्यांचाच होता.

८. मोजमाप थोडं आणि उशिरा

आम्ही दोनच गोष्टी मोजल्या: क्लायंटपर्यंत किती चुका पोचल्या, आणि मागणी आल्यापासून ती चालू होईपर्यंत किती दिवस गेले. तेही कोड आणि रिलीज स्थिरावल्यानंतर. माणसावार आकडे कधीही काढले नाहीत. जिथे ते काढतात तिथे लोक चुका नोंदवणं बंद करतात, हे मी दोन-तीन कंपन्यांत पाहिलं आहे.

९. टप्पा पूर्ण झाला हे कसं ओळखायचं

घाईच्या दिवशी. निवांत असताना सगळेच नियम पाळतात.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी दलालीवर उपकर धरून १५ टक्के सेवा कर होता. आता महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी आणि एसजीएसटी ९-९ टक्के, बाहेरच्या राज्यातल्याला आयजीएसटी १८ टक्के. बिलाचा नमुना, खातेवही, रिपोर्ट, सगळं बदलायचं होतं आणि तारीख हलणारी नव्हती. त्या जूनमध्ये मला बघायचं होतं की मुलं फोल्डरची कॉपी करतात का, दुसरी सही टाळतात का. कोणी केलं नाही. शेवटच्या शनिवारी रात्री उशिरा काम संपलं तेव्हासुद्धा यादीवर दोन सह्या होत्या. त्या दिवशी मी मनात दुसरा आणि तिसरा टप्पा पूर्ण झाल्याची खूण केली.

दुसरी कसोटी २०२० मध्ये लागली. शेअरवरच्या मुद्रांक शुल्काचे राज्याराज्यांचे वेगळे दर जाऊन देशभर एक दर येणार होता, तोही फक्त खरेदी करणाऱ्याकडून घ्यायचा. तारीख जानेवारीवरून एप्रिलवर आणि एप्रिलवरून १ जुलैवर गेली. मधे टाळेबंदी आली. आमची मुलं डोंबिवली, विरार, बदलापूरला आपापल्या घरी अडकलेली, ऑफिसच्या जिन्याला कुलूप. सगळा कोड सर्व्हरवर होता, काकांची उदाहरणं टेस्टमध्ये होती, यादी प्रत्येकाकडे होती, सह्यांच्या जागी आता दोघांच्या ईमेल आल्या. १ जुलैला सगळ्या दलालांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट नव्या दराने वेळेवर निघाल्या. ठाकूरद्वारच्या ऑफिसात त्या दिवशी कोणीही गेलं नव्हतं.

१०. तुम्ही सुरुवात कुठून कराल

मला तरुण मालक विचारतात की अजाइल घ्यावं का, डेव्हऑप्सचं कोणतं साधन आणावं, प्रमाणपत्राला किती खर्च येईल. २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यात सतरा जणांनी मिळून अजाइलचा जाहीरनामा लिहिला. ती सॉफ्टवेअरच्या कामात मुरलेली माणसं होती, आणि त्यांचं म्हणणं मला पटतंही. पण ज्या ऑफिसात कोड पाच मशीनवर पाच वेगळ्या रूपांत आहे, तिथे रोज सकाळी उभं राहून बैठक घेतल्याने फरक पडणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या सोमवारी नवं साधन विकत घेऊ नका, सल्लागार बोलावू नका. तुमच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटकडे आत्ता जो कोड चालू आहे, तो तुमच्या ऑफिसात नेमका कुठे आहे, हे दोन वेगळ्या माणसांना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर वर्षभर फक्त तेवढंच काम हाती घ्या.